अठरा प्लस, आप्पांच्या सहीनं

वाचनालयात दोन गोष्टी आपोआप साठतात. पुस्तकांवर धूळ आणि माझ्याकडं किस्से. झाडायला दोन्हीकडं माणूस नाही!

त्यातले निम्मे किस्से आमच्या पिक्चर कमिटीचे. सणसवाडीच्या एका कंपनीनं वाचनालयाला प्रोजेक्टर दिला, तेव्हापासून वडगाव रासाईत दर शनिवारी पिक्चर. सरकारचं सर्टिफिकेट असतंच हो, पण गावात आप्पांचं वेगळं लागतं. म्हणून गुरुवारी आम्ही तिघं आधी बघतो आणि फळ्यावर वय लिहितो. मी ग्रंथपाल, रशीदमामा टेलर आणि सोसायटीचे माजी चेअरमन आप्पा. शेवटची सही आप्पांची.

मी कमिटीचा केव्हाच राजीनामा दिला असता. पण आप्पांची नात गौरी नववीत आहे, माझी रोजची वाचक, आणि तिला स्थळ आलंय. पंधरा वर्षांची पोर! आप्पांशी बोलून बघितलं. "बाई, तुम्ही पुस्तकं सांभाळा," म्हणाले. मग शहाणपणा केला आणि बालविवाहावरचा एक पिक्चर मागवला. तो गौरीनं बघावा, घरच्यांसोबत बघावा, एवढ्यासाठी टिकून होते.

तोवर काय काय सोसलं!

एकदा कुत्र्याचा पिक्चर होता. शेवटी कुत्रं मरतं. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "अठरा प्लस!"

"अहो, लहान मुलांचा आहे!"

"म्हंजी? पोरासोरांपुढं मी रडू व्हय?"

नंतर मारामारीचा आला. पडद्यावर रक्ताचा चिखल. आप्पा म्हणाले, "चालंल सगळ्यांना. हाणामारीच हाय नुसती." पण त्यातच हिरो-हिरोईननं एका प्लेटीत भेळ खाल्ली, आणि आप्पा ताठ बसले. "सोळा प्लस करा!"

मी मामांकडं बघितलं. "मामा, तुम्ही तरी बोला. रक्त किती होतं!"

"रक्त ऱ्हाऊ द्या बाई," मामा कळवळून म्हणाले, "त्या हिरोच्या सदऱ्याची बाही उलटी बसवलीय!"

मी कपाळावर हात मारला.

शनिवारी दाराशी वय तपासायचं कामही माझंच. एकदा फळ्यावर 'तेरा प्लस' होतं. एक म्हातारे आधारकार्ड काढून केव्हाचे उभे.

"आबा, आत जा की."

"न्हाई, तेराच्या फुडं कुठवर चालतं? माझं एक्क्याऐंशी हाय."

आणि मग तो गुरुवार. माझा पिक्चर लागला. एरवी अधूनमधून पेंगणारे आप्पा त्या दिवशी टक्क जागे. बीपीची गोळी द्यायला शेवंताकाकू आल्या, आप्पांची बायको, त्या मागं टेकल्या आणि उठल्याच नाहीत.

पिक्चर संपला. आप्पांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, १८ प्लस.

मी फळ्यापाशी धावले. "आप्पा, यात एक शिवीसुद्धा नाही हो!"

"नसू द्या. पोरींनी बघायचं न्हाई हे. वय हाय का त्यांचं?"

"माझं व्हतं का?"

काकू बोलल्या. एवढ्या वर्षांत आप्पांसमोर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"चौदाची व्हते मी. तुमच्या दारात उतरले, तवा कोण बसलं व्हतं वय ठरवायला?"

मामा चष्मा पुसत राहिले. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली, उगाच. आप्पा फळ्याकडं वळले. मग हातानंच आकडा पुसला. दुसरा लिहिला नाही.

जाताना दारात थांबले.

"बाई, शनवारी गौरीला फुडं बसवा. मागनं तिला नीट दिसत न्हाई."