मी घेतलेली यंत्राची परीक्षा

आता हसायचंच असेल, तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या महिन्यात मी जी माती खाल्ली, ती ऐकताना आमच्या मेव्हण्याने अख्खा कप शर्टावर सांडला होता.

तर मला जुन्या कॉम्प्युटर मासिकांचं वेड. तरुणपणी मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. पगार झाला की बुधवार पेठ गाठायची, जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसकण मारायची आणि पिवळी पडलेली इंग्रजी मासिकं उचलून आणायची. काय एकेक भविष्यं त्यात! दोन हजार साल उजाडलं की घरोघरी यंत्रमानव स्वयंपाक करणार, म्हणे! परवा हे मी बायकोला वाचून दाखवलं.

"हो का?" सुनंदा पोळी लाटता लाटता म्हणाली. "मग त्याला म्हणावं, फार उशीर झालाय, आता निदान भांडी तरी घास."

त्या मासिकांत छापील प्रोग्रॅम असायचे. पान समोर ठेवून ओळ न् ओळ टाइप करायची. त्यातलाच एक गप्पा मारणारा प्रोग्रॅम मी लॅबमध्ये चालवला होता. "डोकं दुखतंय" असं लिहिलं की तो विचारणार, "डोकं दुखतंय असं तुम्हाला का वाटतं?" बस्स, एवढीच अक्कल! तुमचंच वाक्य फिरवून तुमच्याच गळ्यात. तरी आमच्या हेडक्लार्कने त्याला सासूबद्दलची सगळी गाऱ्हाणी सांगितली, तीही इंग्रजीतून! आम्ही पोट धरून हसलो होतो.

शेजारच्याच पानावर लेख होता : समोर माणूस आहे की यंत्र, हे कसं ओळखायचं? वेडगळ प्रश्न विचारा. मग अपमान करा. माणूस चिडतो. यंत्र चिडत नाही, उलट तुम्हालाच प्रश्न विचारतं. हा लेख मला तोंडपाठ. त्यामुळे या विषयात मी स्वतःला तज्ज्ञ समजतो. समजत होतो.

आमचा निखिल हिंजवडीत नोकरीला. तिथेच त्याचं मुक्ताशी जमलं, दोघं एकाच टीममध्ये. मुलगी आम्हाला पसंत, फक्त तिच्या वडिलांचा होकार बाकी. मोरे सर, मराठीचे निवृत्त शिक्षक. मुलगी ज्या घरात जाणार, तिथली माणसं आधी पारखून घेईन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलेलं.

"बाबा, ते तुमच्याशी बोलतील एक-दोन दिवसांत. जरा नीट बोला हां," निखिलने बजावलं. आणि कंपनीच्या बसमध्ये चढता चढता पुढे म्हणाला, "आणि हो, आमच्या टीमने मराठी बोलणारं एआय केलंय. आज त्याचा मेसेज येईल तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर. चांगली फिरकी घ्या त्याची!"

दोन्ही वाक्यं एका दमात! मी त्यातलं दुसरंच धरून बसलो.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "नमस्कार. आपला परिचय व्हावा, अशी इच्छा आहे. सवड असल्यास थोडा संवाद साधावा."

मला सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वल्पविराम कोण देतं हो? यंत्रच! मी बाह्या सरसावल्या.

"तुला भूक लागते का रे" मी लिहिलं.

"लागते. सहसा साडेबाराला."

"थापा मारू नकोस तुला पोट तरी आहे का"

"आहे. डॉक्टर कमी करायला सांगतात."

वा! पोरांनी काम झकास केलंय, मी सुनंदाला म्हटलं. ती मालिका बघत होती, तिने मानही वळवली नाही.

"तुला कोणी बनवलं"

"आईवडिलांनी. आपण असे का विचारता?"

पकडलं! उलट प्रश्न! लेखात होतं तसंच! मी सोफ्यावरच मांडी ठोकली आणि पुढची पायरी घेतली, अपमानाची.

"तू एक नंबरचा मठ्ठ आहेस"

"माझे विद्यार्थीही मागून तसेच म्हणत असावेत. आपल्याला असे का वाटले?"

पुन्हा प्रश्न! आणि चिडायचं नावच नाही. आता मला चेवच आला.

"निखिल आणि मुक्ता तुला कंटाळलेत तुझ्यात फार दोष आहेत तुला बंद करून ते नवीन आणणार आहेत"

मग एकच ओळ उमटली. "असे मुक्ता म्हणाली?"

"तू फक्त प्रश्नच विचारणार का रे ठोंब्या"

"प्रत्यक्ष भेटूनच बोलावे. मी आपल्या सोसायटीच्या फाटकापाशीच उभा आहे."

मी इतका हसलो की ठसका लागला. यंत्र म्हणे फाटकापाशी! "ये की पाय असतील तर ये" असं लिहून मी विजयी मुद्रेने फोन ठेवला.

आणि बेल वाजली.

सुनंदाने दार उघडलं. दारात पांढऱ्या शर्टातले, सडपातळ म्हणता येणार नाहीत असे गृहस्थ, हातात पेढ्यांचा बॉक्स. "मी मुक्ताचे वडील, मोरे. आधी मेसेज केला होता."

अहो, पोराचं लग्न मोडलं, तेही माझ्या अंगठ्याने. माफी कुठून मागायची? 'ठोंब्या'पासून की 'मठ्ठ'पासून?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरच बसता बसता म्हणाले, "आपला गैरसमज नसावा, पण एक सांगतो. निखिलरावांनी आपल्या फोनवर ते नवीन यंत्र बसवलेलं दिसतंय. मुक्ताने सांगितलं होतं त्याबद्दल. अत्यंत उद्धट आहे हो!"

"यंत्र?" मी.

"मी काय म्हणतो ते त्याला कळतच नव्हतं. विचारतंय, पोट आहे का! पहिल्याच प्रश्नाला ओळखलं मी. पण म्हटलं, मुलांनी मेहनतीने केलंय, आपण शांतपणे उत्तरं द्यावीत."

आता तुम्हीच सांगा, खरं बोलायचं की सून आणायची? मी मान डोलावली. "हो, यंत्रच ते. जरा कच्चं आहे."

सुनंदाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सोफ्यावरच्या माझ्या फोनकडे. तिला सगळं समजलं. तोंडाला पदर लावून ती चहा ठेवायला आत पळाली.

सर मात्र खूश होते. माणसं साधी आहेत, घर आवडलं, माझा होकार आहे, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मला अक्षरशः रडू येणार होतं. तेवढ्यात निखिल घरी आला. सर उठले, त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "एक विनंती आहे, निखिलराव. माझी मुलगी या घरात यायच्या आत ते यंत्र तेवढं बाहेर काढा."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी तर लग्न झाल्यापासून म्हणतेय!"