दवाखान्याची तपासणी

आमच्या गल्लीतली एक बाई डोळ्यांच्या दवाखान्यात आया होती. एका दुपारी ती दारात येऊन म्हणाली, "काकी, उद्या आमच्याकडे तपासणी आहे. दिल्लीहून मोठे डॉक्टर येतायत. येता का? जेवण आहे, जाताना वस्तूपण देतील."

तपासणी म्हटल्यावर मला वाटलं, माझी. त्या काळची मी फार शहाणी. गल्लीतल्या सगळ्या बायांना औषधं सुचवायचे आणि स्वतःचा उजवा डोळा पदराने चोळत बसायचे. दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली होती. मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचे. ओळ वाकडी जायला लागली, तसा माल देणारा शेठ कुरकुर करू लागला. डोळा गेला की काम गेलं, एवढं कळत होतं. तरी दवाखान्यात जायचं आज-उद्या, आज-उद्या चाललेलं. आणि इथे दिल्ली आपण होऊन आमच्या उधन्यापर्यंत येत होती.

नातवाच्या बारशाची साडी नेसले. काजळसुद्धा घातलं. डोळा दाखवायला निघालेली बाई काजळ घालून. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी तिला हाताला धरून घरी आणून बसवीन.

दवाखान्याच्या टेम्पोतून आम्ही सगळ्या बाया उतरलो तशी नर्सने विचारलं, कोणत्या डोळ्याला त्रास आहे? मी आनंदाने उजवा दाखवला. तिने काजळ पुसलं, त्यावर कापूस ठेवला, पट्टी चिकटवली आणि मला खाटेवर निजवलं. मला वाटलं, आत औषध असणार. आजूबाजूला सगळ्या आमच्याच टेम्पोतल्या, कुणाच्या डाव्या डोळ्यावर पट्टी, कुणाच्या उजव्या. शेजारच्या खाटेवरची तर डुलक्या घेत होती. आया हळूच सांगून गेली, कुणी विचारलं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणायचं. मी मान डोलावली. मोठ्या दवाखान्याची अशीच रीत असेल, असं मी स्वतःला समजावलं. फार समजूतदार होते.

दिल्लीचे साहेब आले. त्यांनी खाटा पाहिल्या, यंत्रं पाहिली, ऑपरेशनची खोली पाहिली. माझ्यापाशी थांबून विचारलं, "माँजी, कैसा लग रहा है?"

एवढ्यासाठीच तर मी आले होते. पढवलेलं सगळं सोडून मी खरं ते सांगितलं. "साहेब, दिये के बाजू में रंगीत कडा दिखता है. धुंदला भी दिखता है."

"कौनसी आँख में?"

मी पट्टीवर बोट ठेवलं.

आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर मागेच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "ऑपरेशन के बाद कुछ दिन रहता है, सर."

साहेबांनी मान हलवली. "ठीक हो जाएगा, माँजी," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.

परतताना टेम्पोत मी आयाला म्हटलं, माझी तपासणी राहिलीच की गं. ती पोट धरून हसली. तपासणी दवाखान्याची होती, काकी. नवे डॉक्टर इथे राहून डोळ्यांचे स्पेशालिस्ट व्हायचे असतील, तर त्यासाठी वरून मान्यता लागते, आणि खाटा रिकाम्या दिसल्या तर ती कोण देणार? मीही हसले. मांडीवर स्टीलचा नवा डबा होता. घरी येऊन पट्टी काढली, दिवा लावला. कडी होतीच. पण साहेबांनी ठीक होईल म्हटलं होतं ना. माझ्यातल्या त्या अकलेच्या कांद्याने त्याच शब्दावर आणखी एक दिवाळी काढली.

दवाखाना पास झाला. मी पुन्हा गेले, ती उजव्या बाजूची दाराची चौकट न दिसून खांद्याला लागायला लागल्यावर. या वेळी केस-पेपर काढून, रांगेत उभी राहून. शिकायला आलेली एक तरुण डॉक्टरीण होती, गुजराती, हाताने हळुवार. यंत्रातून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बा, आटला दिवस कोईने बताव्युं नहीं?"

"दाखवला की," मी म्हटलं. "इथेच. दिल्लीवाल्यांना. पट्टीखाली होता."

तिला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. तेच ते. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखतील कसे, पट्टी नव्हती. काचबिंदू, म्हणाले, हा डोळा गेलाय, दुसरा थेंब घालून सांभाळू. मग त्यांनी सगळ्या शिकाऊ पोरांना हाक मारली. अशी केस पुस्तकात वाचता, आज नीट बघून घ्या. एकेक जण येऊन माझ्या मेल्या डोळ्यात वाकून बघून गेला. मी हनुवटी टेकवून बसले. पोरांचा काय दोष, त्यांना शिकायलाच हवं.

खडे चिकटवायचं काम सुटलं. डाव्या डोळ्यात सून रात्री थेंब घालते आणि माझी बडबड ऐकते.

परवा आया पुन्हा दारात आली. आता तीही थकलीय. म्हणाली, "काकी, सोमवारी तपासणी आहे. येता का?"

मी विचारलं, "कोणाची गं?"