बिनपंख्याची गाडी

आमच्या गाडीचा पंखा तुटला त्या दिवशी मला कळलं की मी किती मोठ्यानं गाते.

आमचं बिछायतीचं काम आहे. कुणाचं लगन असो की तेरवी, मांडवाचे बांबू, कनाती, खुर्च्या, भात शिजवायचे मोठे गंज आणि कढया आम्ही पोचवतो. हे सगळं एका जुन्या ट्रकातून जातं. आमचे हे गाडी चालवतात आणि मी बाजूला बसते, कारण उतरवताना भांडी मोजून घ्यायला घरचं माणूस लागतं. आमच्या दोघांच्या मध्ये लोखंडी झाकणाखाली इंजिन असतं आणि त्याच्यापुढे इंजिन गार ठेवणारा तो पंखा होता. तो फिरायला लागला की धानाची गिरणी डोक्यावर घेतल्यासारखं वाटायचं.

त्या आवाजात मी गायची. घरी मी फारशी बोलत नाही. भासऱ्यांशी, म्हणजे यांच्या मोठ्या भावाशी, तर लग्न झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि गप्प राहायचं. त्यांनाही मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगत. "पानी भेटंल का," असं भिंतीला म्हणत आणि मी भिंतीजवळ गडवा नेऊन ठेवत असे. आमच्याकडे पुष्कळ घरांत असंच आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण गाडीत बसले की माझं तोंड आपोआप उघडायचं. भुलाबाईची गाणी म्हणायची, हळदीची म्हणायची, ती संपली की माझ्या मनाची जोडायची. पंख्याच्या गोंगाटात मला मीसुद्धा ऐकू येत नसे.

मग एक दिवस पंख्याची पाती तुटली. गोंदियाच्या मिस्त्रीनं उरलेला पंखाही काढून टाकला. म्हणाला, "आधा पंखा रखोगे तो पानी का पंप भी जाएगा." इतक्या जुन्या गाडीचा पंखा आता मिळत नाही, नागपूरच्या जुन्या बाजारात कुणी शोधून दिला तर दिला. "तब तक चलाते रहो. चलती रहेगी तो हवा खाएगी. रुकी, तो उबली."

परत येताना मी नेहमीसारखी सुरू झाले. माझ्या गाण्यात एक नवरदेव होता, तो सासुरवाडीला जाताना धानाच्या बांधीत, चिखलात पडतो. दोन कडवी झाली तेव्हा पाहिलं तर हे स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होते. माझं गाणं तिथंच तुटलं.

"तुमाले ऐकू येऊन राहिलं?"

"पंखा नाई ना आता," हे म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर विचारलं, "थांबली काऊन? मंग त्या नवरदेवाचं काय झालं?"

आमगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. आमगाव आल्यावर सांगितलं काय झालं ते.

बिनपंख्याची गाडी चालवणं म्हणजे लहान लेकराला झोपवण्यासारखं आहे, हलवत राहायचं. उतार आला की इंजिनावरचा भार काढायचा. निघायचं ते सकाळच्या गारव्यात. गरमपणा दाखवणारा काटा केव्हाचाच मेलेला, म्हणून माझा तळहात झाकणावर. तवा तापला की नाही हे बघतो तसं मी बघायची आणि सांगायची, "अजून भाकर नाई टाकता येत." याचा अर्थ चालू द्या. "आता फुगंल" म्हटलं की हे सीटखालच्या पाण्याच्या डब्याकडे बघायचे. आमचा एसी म्हणजे दोन खिडक्या आणि एक ओला दुपट्टा. तो कधी यांच्या मानेवर, कधी माझ्या डोक्यावर. वैशाखात तो आमगावात ओला केला की पुढच्या गावात कडक पापड व्हायचा.

दोनदा गाडी रस्त्यात उकळली आणि दोन्ही वेळा भासऱ्यांना फोन करावा लागला. दुसऱ्या वेळी ते अंगणात यांना म्हणाले, मी दाराआड होते, "भाचीच्या लगनाले शेवटची संधी. वाटेत थांबली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. मंग भाड्याचा टेम्पो लावू." हे मान खाली घालून हो म्हणाले.

भाड्याच्या टेम्पोत ड्रायव्हर त्याचा असतो आणि बाजूला त्याचा माणूस. मी कुठं बसणार? भांडी मोजायला हे एकटे जातील आणि मी भिंतीजवळ गडवा ठेवत राहीन. त्या रात्री मला पहिल्यांदा एखाद्या लोखंडाच्या वस्तूची काळजी वाटली.

भाची म्हणजे नणंदेची पोरगी. तिचं गाव सालेकसाच्या पुढं, कचारगडच्या डोंगराकडं. भासरे एक दिवस आधीच मोटारसायकलनं गेले. आम्ही सकाळी मांडव आणि सगळे गंज भरून निघालो. दुपारच्या पंगतीचा भात आमच्याच गंजात शिजायचा होता. आमगाव मागे टाकलं, सगळं छान चाललं होतं. गाण्यातला नवरदेव बांधीतून निघून चिखलासकट मांडवात पोचला होता. तेवढ्यात पुढचं रेल्वेचं फाटक खाली येताना दिसलं.

रांगेत उभं राहिलं तर गाडी उकळणार. इंजिन बंद केलं तर गरम इंजिन धक्क्याशिवाय चालू होत नाही, आणि भरल्या गाडीला धक्का देऊन देऊन कोण देणार, मी? यांनी डावीकडं बघितलं. फाटकाच्या अलीकडं त्या गावाच्या बाजाराचं मैदान होतं, बाजार नसल्यानं रिकामं. मध्ये चिंचेचं मोठं झाड. यांनी गाडी सरळ मैदानात घातली आणि झाडाला फेरा मारला.

फाटक बंदच होतं. दुसरा फेरा मारला.

झाडाच्या सावलीत एक म्हातारी मोहफुलं वाळत घालून राखत बसली होती. हातात काठी, शेळ्यांसाठी. आमच्यासाठीही तिनं तीच उचलली. "मोहावर नोको आनजो," ती म्हणाली. पुढच्या फेऱ्याला तिनं विचारलं, "कोनाचं घर ढुंडून राहिले?" मी उत्तर देईपर्यंत आम्ही पुढं गेलो होतो.

"सांग ना तिले काही," हे म्हणाले.

"तुमीच सांगा."

"मी ष्टेरिंग धरू का खिडकीतून तोंड काढू?"

फेरा पूर्ण झाला. मी डोळे मिटले आणि खिडकीतून म्हटलं, "कोनाचंच नाई." माझा तोच आवाज निघाला, गाण्यातला. झाडावरची पाखरं उडाली.

म्हातारीनं पुढचा प्रश्न तयार ठेवला होता. "मंग फिरून कायले राहिले?"

त्याचं उत्तर मी पुढच्या फेऱ्याला दिलं. "गाडीले पंखा नाई."

म्हातारीनं पूर्ण एक फेरा विचार केला. आम्ही परत आलो तेव्हा म्हणाली, "आमच्या घरी बी नाई. आमी नाई फिरत."

हे इतके हसले की गाडी मोहाच्या कडेला गेली आणि काठी खरोखर पत्र्यावर बसली.

एक मालगाडी गेली. फाटक उघडेना, समोरून दुसरी येत होती. झाकणावर माझा हात टिकेना. "आता फुगंल," मी म्हटलं, आणि तेवढ्यात गल्लीतून एक माणूस पळत आला. नवी बनियन, दोन्ही हात हळदीनं पिवळे, मागं लेकरांचं लेंढार. "अरे इकडं! घर इकडं हाय!" त्याच्याही पोरीचं त्या दिवशी लगन होतं आणि त्यांची बिछायत अजून आली नव्हती. मांडव भरलेली गाडी गावात घर न सापडून गोल गोल फिरते आहे असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. तो आमच्या मागं पळत होता आणि आम्ही थांबत नव्हतो. शेवटी त्यानं माझ्या बाजूचं दार धरलं आणि पायरीवर चढला. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर.

"बाई, थांबवा ना. घर मागं राहिलं."

परक्या पुरुषाशी इतक्या जवळून मी कधी बोलले नव्हते. पदर घ्यायला हात वर केला तर पदर कधीचाच उडालेला. मग म्हटलं, जाऊ दे. "दादा, आमी तुमचे नाई. आमचं लगन सालेकसाच्या पुढं हाय. थांबलो तर गाडी उकळते."

"मंग आमची गाडी?"

"फाटकाच्या तिकडं अडकली असंल. तुमी आधी पानी बघा ना, आमचं इंजिन जळून राहिलं."

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो पायरीवरूनच ओरडला, "बादल्या आना!" मैदानाच्या कोपऱ्यात बोरिंग होती. लगीनघरची लेकरं, हळदीच्या बाया, सगळे गडवे आणि बादल्या घेऊन आले. आम्ही फेरा मारून आलो की गाडीच्या नाकावर फाडकन पाणी. अर्धं जाळीवर, अर्धं खिडकीतून माझ्यावर. कुणी तरी हळदीचं उरलेलं पाणीही मारलं. म्हातारी उठली आणि प्रत्येक फेऱ्याला काठी वर करून सांगू लागली, "मारा!" मी ओली चिंब झाले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. हेही हसत होते, पायरीवरचा नवरीचा बापही हसत होता. झाकणावर हात ठेवून बघितलं, ठेवता आला.

मग फाटक उघडलं आणि तिकडून पहिलीच आली ती मांडवाची गाडी. नवरीच्या बापानं ती पाहिली आणि आमच्या चालत्या गाडीतून उडी मारली. आम्ही शेवटचा फेरा अर्धाच घेतला आणि रूळ ओलांडला.

नणंदेच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा नाकातून थोडी वाफ आली, पण आता येईना का. भासरे समोरच होते. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली. गाडी ओली. माझ्या बाजूच्या दारावर हळदीचे दोन पंजे.

"वाटेत थांबली होती ना?" त्यांनी यांना विचारलं.

"नाई म्हंजे, फाटक होतं, मंग बाजारात..." हे सुरू झाले. यांचं बोलणं मला माहीत आहे. आणखी थोडं बोलले असते तर गाडी थांबली, उकळली आणि जळाली असंही कबूल करून बसले असते.

"नाई थांबली, भाऊजी," मी म्हटलं.

आवाज अजून खिडकीतलाच होता. अख्ख्या अंगणानं ऐकला. नणंद तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपात तसाच राहिला. भासऱ्यांनी बोलायला भिंत शोधली. जवळ भिंत नव्हती. मग ते गाडीकडं तोंड करून म्हणाले, "मंग ओली कायनं झाली?"

मीही गाडीलाच सांगितलं. "लोकायनं पानी मारलं. पन चालत्या गाडीवर."

"अन् हे हात?"

"नवरीच्या बापाचे. थो बी चालत्या गाडीतच होता."

भासऱ्यांनी वाकून ते पंजे पाहिले. त्यांच्या मिशा हलल्या. "गंज उतरवा," ते गाडीला म्हणाले, "भात कायच्यात शिजवता? अन् भंगारवाल्याले मी सांगतो, येऊ नोको म्हनून."

दुसऱ्या दिवशी आम्ही भांडी घेऊन परत निघालो. फाटक उघडं होतं, पुढं रस्ता मोकळा. तरी यांनी गाडी बाजाराच्या मैदानात घातली. म्हातारी चिंचेखालीच होती. तिनं मोहावरून मान वर केली नाही.

"भेटला नाई का पंखा अजून?"

"नाई भेटला," मी म्हटलं. या वेळी मला दुसरा फेरा लागला नाही.