आष्ट्याचा उतारा

साताऱ्याहून सकाळच्या एस.टी.नं आष्ट्याला निघालो तेव्हा सोबत निळ्या औषधाची बरणी होती आणि कंदी पेढ्यांचा पुडा. बरणी सरकारी, पुडा माझा. आष्ट्याच्या दवाखान्यात मोठ्या माणसांच्या लघवीतली साखर तपासायचं शिबिर होतं आणि प्रयोगशाळेतला मी मदतीला चाललो होतो. बायको म्हणाली, "गावाची लघवी उकळता, एकदा स्वतःचीही उकळा." माझ्या वडिलांचा पाय साखरेनं गेला होता. तपासून येतो असा शब्द दिला आणि कऱ्हाड येईपर्यंत सहा पेढे संपवले. मला भीती वाटली की भूक लागते, त्याला काय करणार!

कऱ्हाडच्या पुढं दोन्ही अंगांना नुसता ऊस. आष्ट्यात उतरताच हातात रसाचा तांब्या आला, नको म्हणायची सोय नव्हती. लोकांनी घरूनच बाटल्या भरून आणल्या होत्या. काचेच्या नळीत निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर माणूस रोगाच्या उंबरठ्यावर, विटकरी झालं तर पार आत. पहिली नळी विटकरी झाली. दुसरीही. दहाव्या नळीला डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार पुढं सरकले. "आवं साहेब, आमचा उतारा किती आला?" उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर. लय आला, म्हणालो. "मग हार कुटं हाय? कारखान्यात उतारा वाढला की हार घालत्यात."

मला शंका आली. त्यांची बाटली नाकाशी नेली, जे आमच्या धंद्यात धाडसच. वास काकवीचा (गुळाआधीचा पातळ पाक). या गावात रिकामी बाटली म्हणजे काकवीचीच! हवालदारांचं म्हणणं, दोनदा विसळली होती.

धुतलेल्या बाटल्यांत पुन्हा नमुने घेतले. सगळे निळे. हवालदार जरा खट्टूच झाले. मघाशी सगळं विटकरी, आता सगळं निळं, तेव्हा डॉक्टरांना औषधाचाच संशय आला. म्हणाले, तुमच्यावरच करून दाखवा. शब्द दिलेला, सुटका नव्हती. माझी नळी हिरवी झाली.

रसामुळे असेल, असं मी पुटपुटलो. पण रस सगळ्यांनीच प्याला होता. मी नळी पुन्हा उजेडाला धरली, हिरवी ती हिरवीच. हवालदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उंबऱ्यावरच हाय न्हवं? मग मागं फिरा की. पलटणीत आमाला मागं फिरायची लाज वाटायची, तुमाला कशाची?"

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सांगलीला, विश्रामबाग भागातल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायला दिलं. तिथलंही म्हणणं तेच: अजून रोग नाही, पण लांबही नाही. गोड बंद, चालणं सुरू. परतीच्या एस.टी.त उरलेल्या पेढ्यांचा पुडा मांडीवर होता. कऱ्हाड आलं, गेलं. गाठ सोडली नाही.

घराचं दार हिनंच उघडलं. मी बाहेरच घुटमळत होतो.

"उंबऱ्यावर का थांबलात?"

पुडा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "तिथंच सापडलोय."