राद्काच्या मनगटावरचा दोरा

...तर चिपा परत आल्या, इथवर काल आपण आलो होतो. आणि कशा परत आल्या, तर तपासणीत पास होऊन गेलेल्या! गोर्ना रेका गावातल्या आमच्या कारखान्यात राद्का त्या तपासणीच्या टेबलावर बसायची. आपल्या हाताखालून गेलेला माल परत आला की तिला जेवण जात नसे.

चिप म्हणजे नखाएवढा काळा तुकडा. यंत्राच्या एका भागाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं, त्याचं उत्तर घेऊन उलट फिरायचं, एवढंच तिचं काम. पूर्वीच्या पाच व्होल्टवाल्या दांडग्या होत्या. या नव्या तीन व्होल्टच्या, जरासा झटका बसला तरी आतून दुखावणाऱ्या. वरून काही दिसायचं नाही. आज धडधाकट, महिन्याभरानं मुक्या. आणि जायच्या कुठं, तर दवाखान्यातल्या श्वास देणाऱ्या यंत्रांत. नशीब, या खेपेला यंत्र बनवणाऱ्यांच्या चाचणीतच बंद पडल्या.

बिघडलेला माल सगळा मार्चातला, हे इंजिनियर ल्युबेनच्या ध्यानात आलं. तो तपासणीच्या खोलीत आला आणि बायकांच्या मनगटांकडे बघतच राहिला. अंगातली वीज जमिनीत उतरवणारा पट्टा प्रत्येकीच्या हाताला होता. पण शेजारीच मार्तेनित्साही होती, तब्येत राखायला बांधायचा लाल-पांढऱ्या लोकरीचा दोरा. मार्च लागला की ती बांधायची आणि पहिला करकोचा दिसेपर्यंत काढायची नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही लोकर बाहीला घासायची, तिच्यात वीज साठायची. पट्टा अंगातली वीज उतरवतो, लोकरीतली नाही; तिचाच झटका चिपांना बसायचा.

"बायांनो, दोरे काढा," ल्युबेन म्हणाला.

"करकोच्याला सांग ना, लवकर ये म्हणून," पेत्रानानं टोला दिला. "एका साली मी आधी काढला, तर गुडघा मोडला माझा!"

"मावशी, गुडघा तू लग्नात बाकावर चढून नाचलीस म्हणून मोडला," ल्युबेननं टोला परतवला.

सगळ्या हसल्या. पण कात्रीला कुणी हात लावेना. नजरा वळल्या राद्काकडे. मानानं तीच मोठी.

राद्काचा दोरा तिच्या आईनं, वेलिका म्हातारीनं, दवाखान्यातल्या खाटेवरून बांधला होता. गाठ तीनदा सुटली. "करकोचा बघून हा सोडलास की मी घरी आलेच समज," म्हातारी म्हणाली होती.

ल्युबेनला ते माहीत होतं. तो हळूच म्हणाला, "राद्का मावशी, करकोचे येईपर्यंत तुम्ही रजा घ्या. दोरा राहू दे."

"मी रजेवर गेले तर यांच्यातली एक तरी काढेल का?" राद्का म्हणाली. तिनं कात्री उचलली, गाठीच्या बाजूला दोरा कापला, रुमालात गुंडाळला. मग पेत्रानानं मनगट पुढं केलं. मग बाकीच्यांनी.

संध्याकाळी राद्का आईपाशी जाऊन बसली. म्हातारीनं तिचा हात हातात घेतला, मोकळं मनगट चाचपलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"दिसला? कुठं दिसला गं? चर्चच्या घंटाघरावर?"

हो म्हणायला काय लागत होतं? खिडकीबाहेर जाऊन कोण बघणार होतं? राद्कानं रुमाल सोडला, कापलेला दोरा आईच्या हातात ठेवला. मग म्हणाली,

"नाही गं आई. करकोचा आला नाही अजून, दोरा मीच कापला. तो हातात ठेवून काम केलं असतं, तर कुणाच्या तरी आईचा श्वास अडकला असता. तुला राग आला असेल तर बरी हो, घरी ये आणि दे मला दोन थोबाडीत."