योगराजने लिहून दिलेला परिचय

योगराज पाटील हा गोडादरा या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतला मुक्त लेखक. बी.ए. होण्यापूर्वी तीन वर्षे त्याने लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, वडिलांच्या शेजारी कारागीर म्हणून काम केले होते. पुढे साड्यांच्या कॅटलॉगचा मजकूर लिहिता लिहिता त्याला व्यापाऱ्यांच्या वेबसाइटची कामे मिळू लागली आणि समाजातले बायोडाटे, मानपत्रे असे सारे लेखनही आपसूक त्याच्याकडे आले. माणसाला कागदावर थोडे उजळून द्यायचे, हे त्याचे कसब. साड्यांच्या घड्या घालणारा त्याच्या लेखणीखाली ‘पॅकेजिंग विभाग सांभाळतो’ असा होई. तक्रार कोणी केली नव्हती.

यंदा समाजमंडळाने त्याचाच सत्कार ठरवला. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे परिचय सत्कारमूर्तीनेच लिहून द्यायचा असतो. प्रमुख पाहुणे एका मोठ्या कापड पेढीचे मालक होते आणि त्यांचे काम मिळावे, अशी योगराजची आशा होती. त्याने लिहिले, ‘वडील चिंधाभाऊ हे वस्त्रोद्योगातील उद्योजक.’ स्वतःच्या खात्यातल्या वर्षांचा तर त्याने उल्लेखच टाळला.

चिंधाभाऊ पहिल्या रांगेत बसले होते. जन्मभराच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. सूत्रसंचालक भूपेंद्रने ते वाक्य वाचले, तेव्हा पाहुण्यांनी कौतुकाने म्हाताऱ्याकडे पाहिले. आपल्याविषयी काही बोलले गेले, एवढे चिंधाभाऊंना कळले. त्यांनी व्यासपीठावरच्या मुलाला हातानेच विचारले, काय म्हणतो तो?

यंत्रांच्या आवाजात खात्यातली माणसे अशीच हातांनी बोलत. त्या बोलीत शेठसाठी मिशीवरून बोट फिरवण्याची खूण होती, पण ती बापाकडे पाहून करणे योगराजला जमेना. अखेर त्याने तुटलेल्या धाग्याला गाठ मारल्यासारखी बोटे फिरवली आणि वडिलांकडे हात केला. तुम्ही कारागीर, असे सांगतो आहे.

चिंधाभाऊ प्रसन्न झाले. मागच्या रांगेत कोणी योगराजची ती खूण ओळखून हसून म्हणाले, “हाऊ तं आपला खातामाधला शे.” पाहुण्यांना यातले काहीच उमगले नाही.

मग योगराजला बोलायला बोलावले. दुरुस्ती एका वाक्याची होती आणि माइक हातात होता. त्याने मंडळाचे आभार मानले, पाहुण्यांच्या पेढीचा गौरव केला आणि तो जागेवर येऊन बसला.

परतताना रिक्षात चिंधाभाऊंनी मुलाची शाल अंगावर घेतली होती. “योगा, बठ्ठासमोर खातानं सांगं ना त्यानी?”

योगराजने मान डोलावली.

“माले वाटनं, तुले लाज वाटी.” म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. “चांगलं लिखं तू.”

सभागृहात सासऱ्यांशेजारी बसलेली योगराजची बायको रंजना रिक्षातही सोबत होती. ती बाहेर पाहतच म्हणाली, “त्यास्ले ऐकू येस नही. माले येस.”

घर येईपर्यंत योगराजला मान वर करता आली नाही. चिंधाभाऊंचा हात मात्र त्याच्या गुडघ्यावर तसाच होता.