फादरांच्या घरात पाच संसार

लग्न होऊन मी नगरला आले ती एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, आणि आले ती थेट ब्रह्मचाऱ्यांच्या घरात.

आमचे हे फादर लोकांच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. नोकरीला एकच वर्ष झालेलं, कायम व्हायचे होते. कॉलेज शहराबाहेर माळावर. गावात जागा बघायला गेलं की घरमालक आधी जात विचारायचा आणि कॉलेजचं नाव ऐकलं की, म्हणजे तुम्ही किरिस्ताव का, असं वर विचारायचा. आम्ही नाही म्हटलं, तरी त्याला ते पटायचं नाही. त्यामुळे कॉलेजने आवारातच जागा द्यायचं ठरवलं, तेव्हा आमचे हे इतके खूष झाले की जागा न बघताच त्यांनी सासऱ्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पत्र टाकलं : कॉलेजचा बंगला मिळाला आहे.

बंगला खराच होता. दगडी, दुमजली, पुढे लांबच लांब व्हरांडा आणि त्याच्यापुढे गुलाबांचे वाफे. फादर लोकांच्या निवासासाठी तो बांधला, तेव्हा परदेशातून दरवर्षी नवे फादर येत. त्यांचं येणं कधी थांबणार नाही अशा हिशोबाने खोल्या काढलेल्या. पुढे यायचे ते थांबले. काही मायदेशी परतले. दोघांनी झगा उतरवून लग्न केलं, पण ते सांगताना सगळे आवाज खाली आणत. राहता राहिले तिघं, आणि त्या तिघांसाठी एवढी इमारत झाडून घ्यायला दोन गडी. पुण्याहून कुणी मोठे फादर तपासणीला आले आणि जागा वाया जाते आहे हा शोध त्यांना लागला. मग खालचा मजला कुटुंबांना द्यायचं ठरलं. कुटुंबाला काय काय लागतं हे ठरवायला एक समिती नेमली. समितीत सगळे फादर.

कुटुंबाला दोन खोल्या लागतात, असं समितीला दिसून आलं. आणखी काही लागतं असं दिसून आलं नाही.

खोल्या रांगेत होत्या. एकेका फादराची एकेक, मधे भिंत. प्रत्येक कुटुंबाच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला दार पाडायचं काम गवंड्याला दिलं. रांगेतली पहिली खोली पाहुण्यांना भेटायची होती. ती कुणाला द्यायची नव्हती, म्हणून ती सोडून मोजायचं होतं. हे गवंड्याला कुणी सांगितलं नाही. त्याने पहिलीपासून मोजलं आणि सगळी दारं एकेक खोली सरकली. म्हणजे माझ्या स्वयंपाकाच्या खोलीतून माझ्या झोपायच्या खोलीत जायला व्हरांड्यातून जावं लागे. पण शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या झोपायच्या खोलीत मात्र मला चुलीपुढून सरळ जाता येई.

पहिल्या रात्री ते दार उघडून शेजारच्या वहिनी आत आल्या, कडेवर मूल. कोपऱ्यातलं पातेलं बघून म्हणाल्या, "आमटी उकळती तुमची. मला वाटलं आमचीच हाय."

वहिनी पाथर्डीकडच्या. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या. आमची मैत्री त्या दारातून झाली हे मी नाकारत नाही. पण नवं लग्न झालेल्या माणसाने आपल्या दाराला कपाट लावावं आणि कपाटामागून शेजारच्या बाळाला जोजवण्याचा आवाज यावा, हे काही मी लग्नाआधी मनात रंगवलेलं नव्हतं.

आमचे हे आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिळून प्रिन्सिपल फादरांकडे गेले. प्रिन्सिपल फादर वसईकडचे, उंच, गोरेपान, केस नीट मागे वळवलेले. ते कुणालाही कधी नाही म्हणत नसत. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि सांगितलं, की जगभर आज चर्च दारं-खिडक्या उघडतं आहे, आपल्याकडे तर दारं आयतीच उघडली. यालाच आम्ही समुदायजीवन म्हणतो. दोघंही चहा पिऊन परत आले. ह्यांना ते बरंचसं पटलेलं होतं.

न्हाणीघरांचं तसंच. ती व्हरांड्याच्या टोकाला ओळीने होती आणि एकाही दाराला आतून कडी नव्हती. आम्ही पाचही बिऱ्हाडांतल्या बायका ह्या एका गोष्टीसाठी मिळून गेलो. प्रिन्सिपल फादर मनापासून चकित झाले. इतकी वर्षं इथे एवढे लोक राहिले, कुणाला कधी कडीची गरज भासली नाही, असं म्हणाले. विषय समितीपुढे ठेवतो म्हणाले. समितीने त्यावर दोन सभा घेतल्या. तोवर आम्ही एकजण आत गेली की दुसरीला बाहेर पाटावर बसवायचो. शेवटी वहिनींच्या नवऱ्याने नगरच्या बाजारातून कड्या आणून ठोकल्या, आणि भिंतींना परस्पर खिळे मारल्याबद्दल त्यांना समज मिळाली.

वरच्या मजल्यावर एक म्हातारे फादर राहत. त्यांच्यासाठी रात्री नऊनंतर खाली शांतता पाळायची असा नियम होता. घंटा व्हायची. घंटेनंतर स्टोव्हला पंप मारायचा नाही, भांडं आपटायचं नाही, मूल रडू द्यायचं नाही. वहिनींचं मूल घंटा ऐकूनच रडायला लागे. मग त्या पदराने त्याचं तोंड झाकून मागच्या अंगणात फेऱ्या मारत. म्हाताऱ्या माणसाची झोप मोडते, ह्याचं त्यांना फार वाईट वाटे. एकदा दिवसा म्हातारे फादर काठी टेकत खाली उतरले तेव्हा वहिनींनी त्यांची माफी मागितली.

म्हातारे फादर जन्माने युरोपातले, पण आयुष्य गेलं नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या खेड्यांत. मराठी तिकडचंच. त्यांनी कानामागे हात धरून दोनदा विचारलं आणि मग म्हणाले, "मला ऐकूच येत न्हाई, बाई. लई वर्सं झाली. मी कुनाकडं तक्रार केली न्हाई. रडूं द्या लेकराला."

म्हणजे झोप मोडत होती ती त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या प्रिन्सिपल फादरांची.  त्या रात्रीपासून वहिनी अंगणात गेल्या नाहीत. घंटा झाली की मुलाला प्रिन्सिपल फादरांच्या खिडकीच्या बरोबर खाली, व्हरांड्यात घेऊन बसू लागल्या.

दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. वहिनींच्या माहेरची सगळी माणसं, दोन भावजया धरून, खडी फोडायला गेलेली. माझं माहेर कोपरगावकडचं, कालव्याच्या पाण्यावरचं. पाणी मोजून वापरायचं असतं हे मला तोवर ऐकूनच माहीत होतं. कॉलेजच्या विहिरीने तळ दाखवला तेव्हा खालच्या मजल्यावर पाणी सकाळी थोडा वेळ सोडू लागले. घरटी दोन हंडे आणि एक बादली. मुलांच्या अंघोळी चार दिवसांवर गेल्या. मी तेव्हा पोटुशी होते, मला सगळ्याचाच वास यायचा.

गुलाबांचं पाणी मात्र चालू होतं. कारण दुष्काळासाठी मदत देणाऱ्या एका परदेशी संस्थेचे साहेब येणार होते. कधी ते नक्की नव्हतं, त्यामुळे गुलाब रोज ताजे ठेवणं भाग होतं. माळी संध्याकाळी बादल्या ओतायचा आणि आम्ही व्हरांड्यात उभ्या राहून बघायचो. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही अर्थशास्त्राचे आहात, प्रिन्सिपलांशी जरा बोला. हे म्हणाले, मार्चमध्ये माझ्या कायम होण्याचा विषय आहे.

माळ्याशी वहिनी बोलल्या. तो त्यांच्याच भागातला. सांगणं एवढंच होतं, की वाफ्याला पाणी घालायचंच आहे तर ते संध्याकाळऐवजी सकाळी, पोरांच्या अंगावरून घाल. त्याची काही हरकत नव्हती. त्याला वाफा ओला दिसल्याशी काम.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सगळी पोरं गुलाबांच्या वाफ्यात उघडी उभी राहू लागली. साबण नाही लावायचा, झाडं जळतात, एवढीच अट. धाकट्यांना काटे लागू नयेत म्हणून आम्ही पाट टाकायचो. प्रिन्सिपल फादर सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जात आणि मागच्या जिन्याने ऑफिसात जात, त्यामुळे आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या ह्यांच्या लक्षात आलं, पण ते आत जाऊन पुस्तक उघडून बसले.

साहेब आले ते असेच सकाळी, न कळवता, जीपमधून. मी एका पोराच्या डोक्यावर तांब्या ओतत होते. जीप थांबली, साहेब उतरले, मागोमाग प्रिन्सिपल फादर ऑफिसातून जवळजवळ पळत आले. वाफ्यात पाच नागडी पोरं, दोन पदर खोचलेल्या बायका, त्यातली एक पोटुशी. प्रिन्सिपल फादरांचा चेहरा मी पाहिला. आमची नोकरी गेली, असं मला वाटलं.

साहेबांनी फोटो काढला. मग हे काय आहे म्हणून विचारलं.

प्रिन्सिपल फादरांनी फक्त एक श्वास घेतला. मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की एकच पाणी दोनदा कसं वापरावं हे आम्ही इथल्या कुटुंबांना शिकवतो आहोत. अजून प्रयोगाची सुरुवात आहे. ह्या बायका अशिक्षित आहेत, पण लवकर शिकल्या.

मी बी.ए. होते. इंग्रजीत मला साठाच्या वर मार्क होते. तांब्या हातात घेऊन मी उभी राहिले आणि बोलले नाही, कारण माझ्या मागे खिडकीच्या आत आमचे हे उभे होते आणि त्यांचा चेहरा मला न बघता दिसत होता. वहिनींनी विचारलं, काय म्हनला त्यो? मी म्हटलं, आपलं कौतुक करतायत.

साहेबांना प्रयोग फार आवडला. असा प्रयोग पाच बिऱ्हाडांच्या दारात अडकून राहू नये, मोठा व्हावा, म्हणून त्यांच्या संस्थेने मदत मंजूर केली. मार्चमध्ये हे कायम झाले. एप्रिलमध्ये पाचही कुटुंबांना निरोप आला, की सुट्टी संपायच्या आत जागा मोकळी करावी. साहेबांच्या मदतीतून खालच्या मजल्यावर कुटुंबजीवन मार्गदर्शन केंद्र व्हायचं होतं.

मी निरोप दोनदा ऐकला. कुटुंबांना बाहेर काढल्याशिवाय कुटुंबांना मार्गदर्शन करायला जागा नव्हती.

म्हाताऱ्या फादरांची वरची खोलीही केंद्राच्या ऑफिससाठी हवी होती. त्यांना पुण्याला, म्हाताऱ्या फादर लोकांसाठी असलेल्या घरात पाठवायचं ठरलं. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा ते खाली येऊन व्हरांड्यात बसले. म्हणाले, "तुमी कुटुंबवाले म्हनून तुमाला काडलं. मला कुटुंब न्हाई म्हनून मला काडलं. आता हितं र्‍हानार कोन, ते इचारा." ते हसले नाहीत. चाळीसएक वर्षं ते या जिल्ह्यात होते आणि पुण्यात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. वहिनींनी त्यांच्या पेटीत भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी ठेवली. दुसऱ्या दिवशी जीप त्यांना घेऊन गेली.

आम्हाला भिंगारला, बाजारातल्या एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या मिळाल्या. मुलगी तिथेच झाली. वहिनींनी जवळच जागा शोधली. त्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि दिवाळीनंतर केंद्राच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं. जुनी कुटुंबं म्हणून आम्हाला पुढच्या रांगेत बसायचं होतं.

खालच्या मजल्याला रंग दिलेला. पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ फादर बोलले. पतिपत्नींमध्ये एकांत किती महत्त्वाचा असतो आणि आपल्याकडच्या घरांमध्ये तो का मिळत नाही, यावर ते बराच वेळ बोलले. वहिनींनी पदर तोंडात धरला होता. त्यांचे खांदे हलत होते.

मग प्रिन्सिपल फादरांनी, आधी काही न सांगता, मला दोन शब्द बोलायला बोलावलं. फोटोतल्या बाई म्हणून माझी ओळख करून दिली. परदेशी साहेब मंचावर होतेच. हे मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, मी तिकडे बघितलं नाही. मुलगी वहिनींकडे दिली आणि उभी राहिले.

"आम्ही इथे पाच कुटुंबं राहत होतो," मी म्हटलं. "आम्हाला इथून काढलं. केंद्र कशाला, कुटुंबांना घर द्या. बाकीचं आमचं आम्ही बघू."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. साहेबांनी प्रिन्सिपल फादरांकडे वाकून विचारलं. प्रिन्सिपल फादर माइकच्या जवळच होते, त्यामुळे त्यांनी इंग्रजीत सांगितलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. बाई म्हणतात, की इथे राहून आम्हाला फार शिकायला मिळालं, आणि ही संधी आता दुसऱ्या कुटुंबांनाही मिळावी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. आमच्या ह्यांनीही.

मी इंग्रजीत पुन्हा सांगू शकले असते. वाक्य जुळवलंही होतं. पण आभारप्रदर्शन करणारा उभा राहिला, मुलगी रडायला लागली आणि ती वेळ गेली. खाली बसले तेव्हा वहिनींनी विचारलं, फादरनं साहेबाला काय सांगितलं? मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"मंग त्याला काय कळलं?"

"काही नाही."

"मंग चला," वहिनी म्हणाल्या, "पंगत बसती आता. मागं र्‍हायलं तर जिलबी संपंल."

जेवण चांगलं होतं. हे सारखे माझ्याकडे बघत होते, घरी गेल्यावर बोलायचं म्हणून. मी मुलीला मांडीवर घेतलं आणि जिलबी दोनदा मागून घेतली.